नोंदवहीतील आकाश

बरकतपुऱ्यातील आमचे एक स्नेही संरक्षण दलातील नोकरीतून निवृत्त झाले, त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. गृहस्थ मितभाषी. गणेशोत्सवातील व्याख्यानाला अखेरच्या रांगेत बसावे आणि चहा झाल्यावर आपली कपबशी आपणच विसळून ठेवावी, अशी त्यांची रीत. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ते घरी आले ते काखेत छापील कागदांची चळत घेऊन. परदेशी असलेल्या नातवाने 'आजोबा, तुम्हांला आवडेल' म्हणून पाठविलेले ते कागद म्हणजे अमेरिकन सरकारने गुप्ततेच्या कुलपातून बाहेर काढलेले अहवाल होते. सैनिकांना व वैमानिकांना आकाशात दिसलेल्या, परंतु ओळख न पटलेल्या वस्तूंचे अहवाल.

कागद टेबलावर ठेवून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एक विचारू का? तुम्ही कुठे नाव घालून लिहिणार नाही, म्हणून विचारतो." आणि त्यांनी सांगितले ते असे. सीमेवरील एका ठाण्यावर रात्रपाळीला असताना त्यांनी एक प्रखर, स्थिर प्रकाश पाहिला होता. तो तारा वाटेना, विमान वाटेना. बराच वेळ तो मंदपणे सरकत राहिला आणि मग डोंगराआड गेला. सकाळी पहाऱ्याच्या नोंदवहीत त्यांनी लिहिले : सर्व ठीक. "लोक हसतील म्हणून लिहिले नाही. कोणी दटावले नव्हते हो, माझी मलाच लाज वाटली. या लोकांचे अहवाल वाचल्यापासून मनात येते, मी तेव्हा लिहायला हवे होते का?"

या महिन्याच्या लेखाचा विषय त्यांच्या या प्रश्नाने ठरविला.

आम्हां हैदराबादकरांना आकाशातील अनोळखी वस्तूंची दीक्षा तशी लहानपणीच मिळालेली आहे. काचीगुड्याच्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर थंडीच्या दिवसांत पहाटे आजी तुळशीला पाणी घालावयास जाई. एके दिवशी ती घाईघाईने खाली आली आणि म्हणाली, "वर मोती टांगलाय." आम्ही भावंडे गच्चीवर धावलो. खाली अजून काळोख, गल्लीतले दिवे जळताहेत आणि वर, माथ्याच्या जरा पश्चिमेला, पांढराशुभ्र, वाटोळा, चमकणारा एक ठिपका. ताऱ्यासारखा लुकलुकत नव्हता. शेजारच्या गच्चीवरील चाचांनी दातण करता करता आमची भीती घालविली : "फुग्गा है जी फुग्गा! ईसीआयएल के पास से छोडते." मोत्याचा फुगा झाला म्हणून आजी किंचित हिरमुसली, असे आठवते.

तो फुगा टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा. डॉ. होमी भाभांना विश्वकिरणांचा ध्यास होता. हे किरण वातावरणात शिरून विखुरण्यापूर्वीच पकडावयाचे तर उपकरणे ३०-४० किलोमीटर वर न्यावी लागतात, आणि तेथवर विमान पोहोचत नाही. म्हणून बलून. हैदराबादचीच निवड होण्यामागे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे कारण आहे. चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ पृथ्वीचे चुंबकक्षेत्र कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावते, आणि अतिशय बलाढ्य कणच आत येऊ शकतात. त्यामुळे हवे ते निवडून पाहण्यास दख्खनचे आकाश सोयीचे. १९६९ च्या सुमारास येथे संस्थेचे कायमचे बलून केंद्र उभे राहिले आणि तेव्हापासून शेकडो बलून येथून गेले.

हे बलून कागदाहूनही पातळ पॉलिथिनचे असते. सोडताना त्याच्या माथ्याशी थोडाच हायड्रोजन भरलेला असतो व बाकीचे अंग लांब, लोंबते. वर हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या शतांशाहूनही कमी होतो, तेव्हा तेच फुगून ५० ते ८५ मीटर व्यासाचे होते. इतक्या उंचीवर सूर्य आपल्यापेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो आणि संध्याकाळी तितकाच उशिरा मावळतो. म्हणजे खाली अंधार असताना वर ते उजळून निघते. माथ्यावर असले तर चंद्रबिंबाच्या जवळजवळ पाव रुंदीचे दिसते. आजीचा मोती तो हाच.

याच बलूनांनी परग्रहावरील जीवांचा शोधही घेतला आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून ४५९ किलो वजनाची उपकरणे घेऊन एक बलून वर गेले. द्रवरूप निऑनने थंड केलेल्या, आधी निर्जंतुक केलेल्या नळ्यांतून त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने खाली आणले. या प्रयोगाचे प्रमुख होते डॉ. जयंत नारळीकर. नमुन्यांची तपासणी हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे झाली आणि २००९ मध्ये जाहीर झाले की, पृथ्वीवर पूर्वी न आढळलेल्या जिवाणूंच्या तीन जाती त्यांत सापडल्या. एकीला फ्रेड हॉइल यांचे, एकीला इस्रोचे व एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. हे जीव बाहेरूनच आले असे यावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच निवेदनात स्पष्ट म्हटले होते. विश्वातून जीवन पृथ्वीवर येत असावे, या मताकडे नारळीकरांचा ओढा होता हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही हाती आले तेवढेच त्या निवेदनाने सांगितले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आम्हांला त्यांच्या विज्ञानकथांइतकीच त्या निवेदनाची आठवण झाली.

असे असूनही सवयीचे डोळे फसतातच. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यात, मर्पल्ली मंडलातील मोगिलिगुंडला गावाच्या शेतात एक भलीमोठी, गोलसर पेटीवजा वस्तू उतरली. शेतकरी गोळा झाले, परग्रहावरील यानाची वार्ता तालुकाभर पसरली, पोलीस आले. एका स्पॅनिश कंपनीने प्रवाशांना बलूनने उंच आकाशात नेण्यासाठी घडविलेली ती नमुन्याची कुपी होती, आणि निघाली होती आपल्याच हैदराबादच्या केंद्रातून. गावकऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. आकाशातून खोलीएवढी वस्तू अंगणात उतरली तर बरकतपुराही काही शांत बसणार नाही.

आता आमच्या स्नेह्यांच्या कागदांकडे वळू. 'उडती तबकडी' हा शब्द जगाला मिळाला तो जून १९४७ मध्ये. केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाने, आपण पाहिलेल्या वस्तू पाण्यावर फेकलेल्या बशीसारख्या टप्पे घेत जात होत्या, असे सांगितले. त्याने चालीचे वर्णन केले, वृत्तपत्रांनी ते आकाराचे करून टाकले. आपली मुले तळ्यात तिरकी खापरी फेकून भाकऱ्या काढतात, तीच ही चाल. बातमी एखाद्या मराठी वार्ताहराच्या हाती पडती तर जग आज उडत्या भाकऱ्यांविषयी बोलत असते!

त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी जे घडले ते मात्र विनोदाचे नव्हते. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात फोर्ट नॉक्सजवळील गॉडमन विमानतळावरून दुपारी आकाशात एक मोठी, पांढरी, वाटोळी वस्तू दिसू लागली. तळावरील अधिकारी दुर्बिणीतून पाहत होते व कोणालाच उमज पडत नव्हता. त्याच सुमारास चार मस्टँग विमाने त्या बाजूने चालली होती. त्यांच्या प्रमुखाला, कॅप्टन थॉमस मँटेल याला, जरा पाहून येण्यास सांगण्यात आले. मँटेल २५ वर्षांचा, महायुद्धात उड्डाणे केलेला वैमानिक. त्याच्या विमानात त्या उंचीसाठी लागणारा प्राणवायू नव्हता. सोबतचे वैमानिक एकामागून एक परतले. तो मात्र त्या वस्तूमागे २०,००० फुटांच्या वर चढत गेला. वस्तू जवळ येईना, कारण ती त्याच्या कितीतरी वर होती. अखेर बहुधा प्राणवायूअभावी त्याची शुद्ध हरपली आणि विमान फ्रँकलिन गावाजवळ कोसळले.

चौकशीत प्रथम सांगण्यात आले की, तो शुक्राच्या मागे लागला होता. पुढे काही वर्षांनी खरा संभव लक्षात आला. अमेरिकन नौदल त्या काळात 'स्कायहुक' नावाची प्रचंड पॉलिथिन बलून सोडीत असे. विश्वकिरण व वरचे वातावरण यांच्या अभ्यासासाठीच ती होती, म्हणजे आमच्या आजीच्या मोत्याची ती थोरली बहीणच. परंतु ती योजना गुप्त होती. गॉडमनच्या तळावर कोणाला तिची वार्ता नव्हती, मँटेलला तर नव्हतीच. आज बहुतेक अभ्यासक हेच कारण ग्राह्य मानतात. वस्तूची माहिती एका कार्यालयाच्या कपाटात होती आणि तिचा पाठलाग करणारा तरुण दुसऱ्या खात्याचा नोकर होता.

रॉझवेलचेही तेच झाले. जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोच्या एका कुरणात सापडलेले तुकडे म्हणजे 'मोगल' योजनेच्या बलूनांचे अवशेष, असे अमेरिकन वायुदलाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. सोव्हिएत अणुस्फोटांचा आवाज उंच हवेत ऐकता येतो का, हे पाहण्यासाठी ती बलून सोडलेली होती. नाव आपल्या बादशहांचे आणि काम रशियाकडे कान लावून बसण्याचे! सत्तेचाळीस वर्षांच्या मौनात त्या तुकड्यांवर केवढे पुराण रचले गेले, ते सांगावयास नको.

अमेरिकन वायुदलाने १९४७ पासून १९६९ पर्यंत अशा १२,६१८ घटना नोंदविल्या. त्यांतील ७०१ घटनांची ओळख अखेरपर्यंत पटली नाही. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने आपला या विषयाचा कक्ष २००९ मध्ये बंद केला आणि २००८ ते २०१३ या काळात आपल्या फायली टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुल्या केल्या. स्नेह्यांच्या चळतीतील सर्वांत वरचा कागद २५ जून २०२१ चा होता. अमेरिकन सरकारने बहुतांशी नौदलाच्या वैमानिकांकडून आलेल्या १४४ घटना तपासल्या आणि त्यांतील एकाच घटनेची खात्रीपूर्वक ओळख पटली. ती वस्तू म्हणजे हवा निघून जात असलेले एक मोठे बलून! बाकीच्या १४३ घटनांबद्दल अहवाल सांगतो की, माहिती अपुरी आहे. आणि माहिती अपुरी राहण्याचे एक कारण म्हणून हसे होण्याच्या भीतीचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. त्या ओळीखाली आमच्या स्नेह्यांनी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.

एका चित्रफितीत समुद्रावरून एक वस्तू भन्नाट वेगाने जाताना दिसते. २०२३ मध्ये नासाच्या तज्ज्ञमंडळाने गणित मांडले तेव्हा ती वस्तू सुमारे १३,००० फुटांवर, ताशी ४० मैलांच्या आसपास, म्हणजे वाऱ्याच्याच गतीने चाललेली निघाली. वेग होता तो पाहणाऱ्या विमानाचा. काझीपेठच्या गाडीतून जाताना रुळांजवळचे खांब धावतात, त्यांतलाच हा प्रकार. मार्च २०२४ मध्ये त्याच सरकारने आपल्या सर्व जुन्या दप्तरांचा आढावा घेऊन, परग्रहावरील यानाचा पुरावा कोठेही आढळला नाही, असे जाहीर केले. अर्थात ७०१ म्हणजे ७०१. त्यांना शून्य म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आपल्या देशाचे काय? अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने खुल्या केलेल्या दप्तरांत एप्रिल १९६८ चा एक अहवाल आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण लडाख, नेपाळ, सिक्कीम व भूतान या प्रदेशांत दिसलेल्या तेजस्वी वस्तूंची यादी त्यात दिलेली आहे. चांग ला, फुकचे व कोयुल या भागात पांढरा प्रकाश, दोन स्फोटांचे आवाज, मागाहून तांबूस उजेड आणि पांढरा धूर. नेपाळात पोखऱ्याजवळच्या बाल्तीचौर येथे एका खड्ड्यात धातूची तबकडी सापडली. तिचा तळ सहा फुटांचा व उंची चार फूट, असेही त्यात नमूद आहे. ते दिवस कृत्रिम उपग्रहांच्या सुगीचे होते, आणि वर गेलेले खाली पडतेच. आमच्या मते तरी सरळ तर्क तोच आहे. परंतु लक्षात राहते ते निराळेच. आपल्या डोंगरांवरचा हा प्रकाश आपल्याला वाचावयास मिळतो तो परक्यांच्या दप्तरातून.

याच लडाखमध्ये ४४ वर्षांनी घडलेली हकीकत मात्र पूर्णपणे आपली आहे. सर्व कागदांत आम्हांला ती मोलाची वाटते. पँगाँग सरोवराच्या काठी, सुमारे १४,००० फुटांवर, ठाकुंग भागात आपल्या सैन्याची ठाणी आहेत. ऑगस्ट २०१२ पासून तेथील जवानांना सरोवरापलीकडे, चीनच्या बाजूला, तेजस्वी गोल दिसू लागले. शेजाऱ्याने हेरगिरीसाठी पाठविलेली मानवरहित विमाने असावीत, असा स्वाभाविक संशय आला. फेब्रुवारी २०१३ पर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यांतील १५५ वेळा त्या वस्तूंनी ताबारेषा ओलांडली, असाही समज झाला. वाचकांनी क्षणभर कल्पना करावी : कडाक्याची थंडी, विरळ हवा, समोर परकी फौज आणि दररोज त्याच दिशेने येणारा प्रकाश. गोळी झाडण्यास किती वेळ लागतो? त्याच एप्रिलमध्ये देपसांगच्या पठारावर दोन्ही फौजा तीन आठवडे समोरासमोर उभ्या होत्या, म्हणजे वातावरण किती तापलेले होते याचा अंदाज यावा.

ठाकुंगच्या जवानांनी गोळी झाडली नाही, त्यांनी लिहिले. वस्तू केव्हा आली, कोणत्या बाजूने, किती उंच, केव्हा गेली. ही टिपणे बंगलोरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेली. लडाखमध्येच हान्ले येथे या संस्थेची वेधशाळा आहे. तेथील तुषार प्रभू आणि जी. सी. अनुपमा या खगोलशास्त्रज्ञांपुढे पहिला प्रश्न साधा होता : ही वस्तू ताऱ्यांबरोबर चालते की स्वतंत्र? आकाशस्थ ज्योती रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवते. विमान अशी शिस्त पाळीत नाही. नोंदींत दोन वस्तू होत्या. एक संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसू लागे ती पहाटे पाचपर्यंत, तर दुसरी पहाटे चारला येई ती दिवसा अकरापर्यंत दिसत राही. पहिली वस्तू गुरू निघाली, दुसरी शुक्र. त्या उंचीवर हवा इतकी स्वच्छ व विरळ असते की ग्रह खालच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी वाटतात आणि शुक्र तर दिवसाउजेडीही डोळ्यांना सापडतो. २०१३ च्या जुलैमध्ये ही हकीकत वृत्तपत्रांत आली, तेव्हा देशोदेशी तिची थट्टा झाली. शुक्राची चांदणी ओळखू न आलेले शिपाई, म्हणून!

आम्हांला त्या थट्टेत सामील व्हावेसे वाटले नाही. मँटेलच्या बाबतीत शुक्र हे उत्तर चुकले होते, ठाकुंगला ते बरोबर ठरले. फरक पडला तो नोंदींमुळे. ३२९ वेळा ज्यांनी बोटे गारठलेली असताना वेळ व दिशा लिहिली, त्यांच्या लिखाणावरच शास्त्रज्ञांचे उत्तर उभे राहिले. आणि विचारणाऱ्यांनी योग्य दारी विचारले. आपल्या शहरात तर असे दार घरचेच होते. बेगमपेठच्या निझामिया वेधशाळेचे संचालकपद १९६० पासून अनेक वर्षे डॉ. कृष्णा दामोदर अभ्यंकर यांच्याकडे होते. तरी आम्ही भावंडांनी त्या मोत्याविषयी चाचांनाच विचारले, ही गोष्ट वेगळी.

बलून केंद्राचीही एक रीत येथे सांगावी अशी आहे. उड्डाणांच्या हंगामापूर्वी वृत्तपत्रांत सूचना येते : विशाखापट्टण-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटर अंतरावर, रंगीत हवाई छत्रीखाली उपकरणे उतरतील. सापडल्यास उघडू नयेत, पोलिसांना वा टपाल कचेरीला कळवावे, योग्य बक्षीस मिळेल. सोलापुरापर्यंतच्या शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवण्याची ही दक्षता गॉडमनच्या तळाला कोणी दाखविली असती तर!

स्नेह्यांना आम्ही म्हटले, होय, लिहावयास हवे होते. ते त्यावर नाराज झाले नाहीत. "मग आता शोधून सांगा ना, काय होते ते." आम्ही पंचांग काढून बसलो. दिशा? पश्चिम, डोंगराच्या खांद्यावर. वेळ? अंधार पडून तासभर झाला असावा. येथपर्यंत ठीक चालले होते. पश्चिम म्हटल्यावर शुक्राचे नाव आमच्या ओठांवर आलेच होते. परंतु संध्याकाळच्या पश्चिमेला शुक्र काही महिने असतो, काही महिने नसतो. वर्ष आणि महिना कळल्याविना ग्रहाचे स्थान सांगणार कसे? त्या ठाण्यावर त्यांची दोनदा बदली झाली होती. कोणत्या खेपेची ही गोष्ट, ते त्यांना काही केल्या स्मरेना. दोन्ही खेपांची वर्षे आम्ही कागदावर मांडली, पत्नीची जुनी पत्रे कोठे असतील याचा विचार झाला, मोठ्या मुलाच्या जन्मावरून काही लागते का तेही पाहिले.

"थंडी होती, एवढे नक्की," ते अखेर म्हणाले. "नोंदवहीत लिहिण्यासाठी हातमोजा काढावा लागला होता."